बुडालेल्या जहाजावर गळ टाकताना

प्रश्न : आम्ही यावल तालुक्यातले चार मित्र. हतनूर धरणाच्या पाण्यात गळ टाकतच मोठे झालो. डिसेंबरात रत्नागिरीला जायचं ठरतंय. तिथला ओळखीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणतो, बुडालेल्या मालवाहू जहाजावर नेतो, मासळी हमखास. जहाजापाशीच मासळी का जमते? आमचं सामान चालेल का? आई म्हणते, माणसं बुडाली तिथे गळ टाकू नये. काय करावं?
— एक वाचक, यावल

उत्तर : भाऊ, जरूर जा. मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त झालेला. दर हिवाळ्यात आम्ही पाच जण मंगला एक्स्प्रेसनं रत्नागिरी गाठतो.

आईचं म्हणणं आधी घेतो, कारण ते मला पटतं. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. अशा जागी मी गळ टाकणार नाही. तुमचं जहाज कशानं बुडालं, खलाशी वाचले का, हे तांडेलाला निघायच्या आधीच विचारा. आम्ही जातो त्या जहाजावरचे सगळे वाचले होते, म्हणून जातो.

आता मासळीचं. तिथला तळ गाळाचा, कुठं आडोसा नाही. त्यात लोखंडाचा सांगाडा पडला की त्यावर कालवं, शेवाळ धरतं. बारीक मासे आसऱ्याला येतात, त्यांच्यामागं तांबोशी आणि गोबरा. सुरमई वरच्या पाण्यात घिरट्या घालते. शिवाय जाळं फाटतं म्हणून ट्रॉलरवाले त्या जागेला वळसा घालतात.

दिवस कॅलेंडर बघून ठरवा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ फार, वजन तळाला टिकत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी संथ.

हतनूरचा रॉड घरीच ठेवा. तिथे जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, हातानं सोडतात. बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावा, पण तंगूस हाताला गुंडाळू नका, मोठा मासा बोट कापून नेईल. लाइफ जॅकेट परत येईपर्यंत अंगावरून काढू नका.

आपली खरी चूक होते ती सवयीमुळे. तापीत कटला लागला की आपण दोरी सैल सोडतो, त्याला दमवतो. माझ्या पहिल्या गोबऱ्याला मी तेच केलं. झटका बसला, मी दोन वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) तंगूस सोडलं आणि हाताला एकदम भिंत लागली. तांडेलानं ताणलेल्या तंगुसावर बोट मारलं, एकतारीसारखा आवाज आला. ‘गेला बिळात,’ तो म्हणाला. गोबरा सांगाड्यात शिरून कल्ले फुगवून बसतो, मग निघत नाही. शेवटी तंगूस तोडावं लागलं. गळ तोंडात घेऊन तो मासा खाली राहिला, हे मला रात्रभर टोचत होतं. तेव्हा झटका बसताच पहिले दोन वाव जीव लावून वर ओढा, दमवणं नंतर.

वजन हमखास अडकतं. मी शिशाऐवजी भंगारातले जुने नट नेतो, बारीक सुती दोऱ्यानं बांधतो. अडकलं की दोरा तुटतो, नट जातो, गळ आणि तंगूस परत येतं. शिसं समुद्रात टाकून यायला माझं मन घेत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगायलाच हवी. हतनूरला छोटा मासा सोडला की पळतो. इथं पंचवीस-तीस मीटरवरून वर आलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. एका गोबऱ्याचे डोळे बाहेर आलेले, जठर तोंडातून बाहेर. पाण्यात सोडला तर पोट वर करून तरंगत राहिला, खाली जाईना. म्हणजे ‘धरू आणि सोडून देऊ’ इथं चालत नाही. गोबरा आधी मादी असतो, मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. सगळे मोठे काढले तर त्या जागेला नर उरतील कुठून? म्हणून खाण्यापुरते मिळाले की आम्ही गळ गुंडाळतो, दुपारचे बारा वाजले असले तरी. तांडेलाला पैसे पूर्ण दिवसाचे द्या, म्हणजे तो घाई करणार नाही.

सकाळी पोटभर खाऊ नका, कळण्याची अर्धी भाकरी पुरे. काळा मसाला मात्र सोबत न्या. मागच्या खेपेला दोन गोबरे आम्हा पाच जणांना आणि तांडेलाच्या घराला पुरले.