सस्पेन्शन बदलल्यावर मागचा एक शॉक ॲब्सॉर्बर चॅसीला जवळजवळ घासतो आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जागा राहते, असे का होते?

मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड आस) आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवे सरकू न देणारा दांडा) असेल, तर शॉक ॲब्सॉर्बरला दोष देण्याआधी ॲक्सल मध्यावर आहे का, हे तपासावे. या रॉडचे एक टोक बॉडीला आणि दुसरे ॲक्सलला जोडलेले असते. त्याची लांबी ठरलेली असल्यामुळे गाडीची उंची बदलली की ॲक्सल कंसाकार मार्गाने एका बाजूला सरकतो. सपाट जागी, चाकांवर वजन असताना, दोन्ही टायरच्या आतल्या कडेपासून चॅसीच्या समान बिंदूंपर्यंतचे अंतर मोजावे. दोन मापांत १० मिलिमीटरचा फरक असेल, तर ॲक्सल ५ मिलिमीटर सरकलेला आहे. त्यावर लांबी जुळवता येणारा रॉड हा खरा उपाय आहे.

माप सारखे आले, तर स्प्रिंगचे टोक तिच्या बैठकीत नीट बसले आहे का आणि शॉकचे स्पेसर (अंतर राखणारे तुकडे) दोन्ही बाजूंना सारखेच लावले आहेत का, ते पाहावे. रबरी बुशचे (सांध्यांतील रबरी अस्तरांचे) बोल्ट गाडी जॅकवर अधांतरी असताना आवळले असतील, तर ते सैल करून चाकांवर वजन आल्यावरच ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळावेत. ही चूक फार सर्रास होते. ब्रेकची नळी शॉकला टेकत असेल, तर ते दुरुस्त होईपर्यंत गाडी कृपया चालवू नका.