शस्त्रक्रियेआधीच्या रेडिएशनबरोबर ‘टार्गेटेड’ औषध का देत नाहीत?

प्रश्न : माझ्या ६१ वर्षांच्या वडिलांना गुदाशयाचा कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रियेपूर्वी साडेपाच आठवडे रेडिएशन आणि त्यासोबत कॅपेसिटॅबिन या केमोथेरपीच्या गोळ्या असे उपचार ठरले आहेत. आतड्याचा कर्करोग इतर अवयवांत पसरल्यावर सेटुक्सिमॅब किंवा बेव्हॅसिझुमॅब ही ‘टार्गेटेड’, म्हणजे ठरावीक रेणूवर नेम धरणारी, औषधे केमोथेरपीबरोबर देतात, असे वाचनात आले. मग ही औषधे आताच दिली, तर गाठ अधिक आक्रसणार नाही का? खर्चाचा विचार करून तर डॉक्टरांनी ती वगळली नसतील ना?

उत्तर : वडिलांना मिळणारे उपचार कुठेही उणे नाहीत, हे आधी स्पष्ट करतो. आपण सुचवलेली जोड अनेक संशोधकांनी आशेने तपासून पाहिली आहे. ती नेहमीच्या उपचारांत आली नाही, याचे मुख्य कारण खर्च नसून त्या चाचण्यांचे निष्कर्ष हे आहे.

सेटुक्सिमॅब पेशीला वाढीचा संदेश देणारा ईजीएफआर हा ग्राहक (रिसेप्टर) रोखते. मात्र सुमारे ४० टक्के गाठींमध्ये केआरएएस जनुकात बिघाड असतो, आणि तेथे तो संदेश ग्राहकाच्या पुढच्या टप्प्यावरूनच अखंड चालू राहत असल्याने औषधाचा उपयोग होत नाही. जनुक निर्दोष असतानाही रेडिएशनबरोबरचा अनुभव निराशाजनक ठरला. नुसत्या केमो-रेडिएशननंतर साधारणपणे १० ते २० टक्के रुग्णांच्या काढलेल्या भागात कर्करोगाची एकही पेशी सापडत नाही. सेटुक्सिमॅब जोडलेल्या सुरुवातीच्या एका जर्मन अभ्यासात हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपासच राहिले. यामागे एक संभाव्य कारण मांडले जाते : हे औषध पेशींचे विभाजन मंदावते, तर कॅपेसिटॅबिन आणि रेडिएशन यांचा मारा विभाजित होणाऱ्या पेशींवरच अधिक परिणामकारक असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एक्सपर्ट-सी चाचणीत केआरएएस आणि बीआरएएफ ही दोन्ही जनुके निर्दोष असलेल्या रुग्णांच्या गाठी अधिक आक्रसल्या, हे खरे आहे. परंतु गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण वाढावे, हे त्या चाचणीचे मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही.

बेव्हॅसिझुमॅबच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते. ते गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ थांबवते, पण शस्त्रक्रियेची जखम आणि आतड्याचा नवा जोड भरून येण्यासाठीही तशाच वाहिन्या लागतात. हे औषध शरीरात कित्येक आठवडे टिकते, त्यामुळे शेवटची मात्रा आणि शस्त्रक्रिया यांत किमान चार, शक्यतो सहा आठवड्यांचे अंतर राखावे लागते. एवढे करूनही काही अभ्यासांत जखम न भरणे, जोड गळणे अशा गुंतागुंती चिंताजनक प्रमाणात आढळल्या. जो रोग शस्त्रक्रियेने समूळ बरा होण्याची शक्यता आहे, त्यात असा धोका पत्करणे मला योग्य वाटत नाही.

गाठ मोठी असेल, तर ‘सर्व केमोथेरपी शस्त्रक्रियेआधीच पूर्ण करण्याचा पर्याय आमच्या बाबतीत लागू आहे का,’ असे डॉक्टरांना जरूर विचारावे. रॅपिडो चाचणीत या क्रमाने पूर्ण प्रतिसादाचे (काढलेल्या भागात कर्करोगाची एकही पेशी न सापडण्याचे) प्रमाण १४ वरून २८ टक्क्यांवर गेले.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे बायॉप्सीच्या नमुन्यावरील एमएमआर तपासणी. फक्त ५ ते १० टक्के रुग्णांत डीएनए-दुरुस्तीची ही यंत्रणा बिघडलेली असते, आणि त्यांच्यासाठी उपचारांची सारी दिशाच बदलू शकते. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २०२२ साली अशा १२ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले : डोस्टारलिमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने बाराही जणांच्या गाठी तपासणीत दिसेनाशा झाल्या, आणि त्यांना तोवर रेडिएशन वा शस्त्रक्रियेची गरज पडली नव्हती. म्हणून रेडिएशनची पहिली बैठक होण्यापूर्वी ही तपासणी झाली आहे का, हे विचारावे, आणि झाली असल्यास तिचा लेखी अहवाल मागून घ्यावा.