निवेदनात ‘हक्क’ लिहावे की ‘अधिकार’?

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका वाचकांनी विचारले आहे: तहसीलदार कचेरीत द्यायच्या निवेदनात ‘मराठीतून परिपत्रके मिळणे हा आमचा अधिकार आहे’ असे लिहावे, की ‘हक्क आहे’?

या दोन शब्दांत ‘हक्क’ बरा. मराठीत हक्क मागणाऱ्याचा असतो, अधिकार खुर्चीचा. दाखला देण्याचा अधिकार तहसीलदारांना, दाखला मिळण्याचा हक्क अर्जदाराला. ‘माहितीचा अधिकार’ हे कायद्याचे नाव हिंदीच्या वळणाने गेले. घटनेच्या मराठी पाठात ‘मूलभूत हक्क’च आहेत. शिवाय आपल्या भागात हा शब्द दोन्ही भाषांचा आहे. कन्नडातही ‘मूलभूत हक्कुगळु’, ‘माहिती हक्कु’, सरकारी जागेचे ‘हक्कुपत्र’. टेबलापलीकडच्या कन्नड कारकुनालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

पण तुमच्या वाक्यातली खरी अडचण वेगळी आहे. परिपत्रके मिळणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे का? घटनेचे कलम ३५० गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देऊ देते. तो निखालस हक्क. उत्तर त्याच भाषेत मिळेल, असे मात्र ते कलम म्हणत नाही. परिपत्रकांचा आधार दुसरीकडे आहे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात किमान १५ टक्के लोकांची जी भाषा असेल, तिच्यात महत्त्वाचे नियम व सूचना छापाव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी अखिल भारतीय पातळीवर मान्य झालेले संरक्षण आहे. ते सरकारांनी दिलेले वचन आहे, घटनेतले कलम नव्हे. म्हणून तिथे ‘मान्य झालेल्या संरक्षणाची अंमलबजावणी’ मागावी. ‘सवलत’ चुकूनही लिहू नये. कन्नडातल्या ‘सवलत्तु’चा अर्थ सोय-सुविधा एवढाच, मराठी सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि दिलेले वचन ही मर्जी नव्हे.

सीमाप्रश्नाच्या निवेदनांत ‘महाराष्ट्रात जाणे हा आमचा कायदेशीर हक्क’ असेही लिहिले जाते. कलम ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. इथे ‘न्याय्य मागणी’ हाच नेमका शब्द. तो दुबळा मुळीच नाही. कायदा बदलावा असे म्हणण्याचे बळ न्याय्यतेतूनच येते, आणि ती मागणी पुढे नेणे हे राजकारणाचे काम. तिन्ही गोष्टी एकाच ‘हक्क’ शब्दात कोंबल्या, की कचेरी सर्वांत कच्च्या मुद्द्याला उत्तर देते आणि पक्का मुद्दा तसाच राहतो.

तेव्हा सुरुवात अशी करा: ‘कलम ३५० अन्वये हे निवेदन मराठीतून देण्याचा आमचा हक्क आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणानुसार तालुक्यातील परिपत्रके मराठीतूनही प्रसिद्ध करावीत, ही आमची मागणी आहे.’ सीमाप्रश्नाचे निवेदन वेगळ्या कागदावर द्या, आणि दोन्हींची पोच शिक्क्यासह घ्या.