भाऊ जामिनावर सुटतोय, पहिले पंधरा दिवस सांभाळ

*"ताई, माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. चोरी आणि मारामारीच्या केसमध्ये वर्षभर तुरुंगात आहे, अजून कच्चा कैदी. बाहेर होता तेव्हा बटन (नशेच्या गोळ्या) आणि खोकल्याचं पातळ औषध घ्यायचा. आई म्हणते, आत राहून सवय सुटली असेल. पण मुलाखतीला गेले की त्याची जीभ जड वाटते. फोनवर सारखं सांगतो, अमुक नंबरवर हजार-दोन हजार टाक, नाहीतर मला मारतील. मागच्या वेळी म्हणाला, कपडे आणशील तेव्हा पँटच्या नेफ्यात गोळ्यांची पट्टी शिवून आण. वकील म्हणतात, महिन्याभरात जामीन होईल. वडील म्हणतात, घरात पाऊल ठेवू देणार नाही. त्यात माझं लग्न ठरतंय आणि मुलाकडच्यांना 'भाऊ पुण्यात नोकरीला आहे' असं सांगितलंय. मी काय करू? – एक बहीण, मराठवाडा"*

पोरी, आधी त्या नेफ्यातल्या पट्टीचं बोलू. ती शिवायची नाही. त्याने आईची शपथ घातली तरी नाही. तुरुंगात बंदी असलेली वस्तू नेणं हा कारागृह कायद्याने गुन्हा आहे. शिवाय या गोळ्या १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात येतात, त्याची केस वेगळी. झडती तुझी होईल आणि आरोपीही तूच होशील. त्याला एवढंच सांग, "गोळ्या आणणार नाही, पण तुला डॉक्टरपर्यंत पोचवीन." आणि मग खरोखर पोचव.

आता आईच्या समजुतीचं. पुष्कळ घरांत लोक असंच धरून चालतात की भिंतीआड गेला म्हणजे नशा आपोआप सुटली. भिंत माणसाला अडवते, मालाला दरवेळी अडवत नाही. कोर्टाच्या तारखेहून परतताना, भिंतीवरून फेकलेल्या पुडीतून, कधी आतल्याच कुणाच्या संगनमताने माल आत जातो. तिथे तो महाग असतो आणि उधारीवर मिळतो. तो अनोळखी नंबर बहुधा याच उधारीचा आहे. मार खाण्याची भीती तो उगाच दाखवतोय असं मला वाटत नाही. पण तू पाठवलेल्या पैशांनी ती उधारी फिटत नाही, पुढचा माल येतो. त्या नंबरवर पैसे टाकणं थांबव. आणि त्याच दिवशी वकिलामार्फत अर्ज दे: जिवाला धोका आहे, बराक बदलून मिळावी, वैद्यकीय तपासणी व्हावी. अर्जात कुणाचं नाव घालू नकोस, त्याला अजून त्याच लोकांत राहायचंय. वकील टाळाटाळ करत असतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या कायद्याने दिलेला आहे.

तपासणीचा आग्रह मी धरते त्याला कारण आहे. बटन म्हण, मालेगावकडची कुत्ता गोळी म्हण, या सगळ्या झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांच्या घराण्यातल्या. रोज घेणाऱ्याने त्या एकदम तोडल्या तर काही दिवसांत हात थरथरायला लागतात, झोप उडते, भास होतात, फिट येते. जीवही जाऊ शकतो. बघणाऱ्याला मात्र ते नाटक वाटतं. डॉक्टर या गोळ्या मोजून-मापून, हळूहळू उतरवतात. मानसिक आरोग्याच्या २०१७च्या कायद्याने दारू आणि ड्रग्जशी जोडलेले मानसिक त्रास मानसिक आजारांतच धरले आहेत आणि कैद्यांच्या उपचारांसाठी त्यात वेगळं कलम आहे. म्हणजे तू मेहरबानी मागत नाहीयेस. मुलाखतीत त्याला रागावून नको, सरळ विचार: "आत रोज घेतोस का? किती?" उत्तर कळलं तर तेच डॉक्टरांना सांगायचं आहे.

आता सुटकेचा दिवस. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. शिक्षा भोगणाऱ्याला सुटायची तारीख माहीत असते, निदान काही तयारी करता येते. कच्च्या कैद्याला तारीखच नसते. जामिनाचा आदेश आला की दिवेलागणीला अचानक गेट उघडतं. आणि २०२२च्या सरकारी आकडेवारीत आपल्या तुरुंगांतल्या दर चार माणसांमागे तीन कच्चे कैदी होते. सुटल्यानंतरच्या आधाराचं जे काही बोललं जातं ते नेमकं याच मुलांपर्यंत पोचत नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

गेटवर घरचं कुणी नसलं तर दुचाकी घेऊन मित्र उभे असतात. सुटल्याची पार्टी होते आणि मुलगा पूर्वीच्याच मापाने घेतो. आत घेणं बंद किंवा कमी झालेलं असलं तर शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते. जे माप वर्षापूर्वी पचत होतं, तेच आता श्वास बंद पाडू शकतं. पातळ औषधातलं कोडीन हे अफूच्या जातीचं. त्यावर बटन आणि वर दारू, तिन्ही श्वास मंदावणारी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली छापून आला. पहिल्या दोन आठवड्यांत नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट निघाला. स्कॉटलंडमध्ये २०११पासून सुटणाऱ्यांच्या हातात नॅलॉक्सोन देतात. अफूच्या जातीच्या नशेने बंद पडत चाललेला श्वास ते परत चालू करतं (बटनावर मात्र चालत नाही). आपल्याकडे गेटवर असं काही मिळेल यावर विसंबू नकोस. गेटवर तूच हवीस, रात्र झाली तरी. एकटी जाऊ नकोस, मामा किंवा कुणी भरवशाचा पुरुष बरोबर घे, आणि तिथून थेट घरी.

माझं ऐकशील तर पहिले पंधरा दिवस त्याला जुन्या गल्लीपासून लांब ठेव. गावाकडे कुणी असेल तर उत्तम. पण जामिनाच्या अटी आधी वकिलाकडून वाचून घे. पोलीस ठाण्यात हजेरी असेल, जिल्हा सोडायची मनाई असेल, आणि हजेरी चुकली तर जामीन रद्द होऊ शकतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेऊन केसपेपर काढ. संभाजीनगरला घाटी आहे, तुझ्या जिल्ह्यातलं जवळचं असेल ते बघ. पुण्यात १९८६पासून मुक्तांगण हे काम करतंय. कुठे जायचं ते कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर आहे आणि १४४१६ मानसिक आरोग्याचा. दुसरा तू स्वतःसाठीही फिरव.

"गाडी पाठवतो, उचलून नेतो, सहा महिने तोंड दाखवणार नाही" असं सांगणाऱ्या केंद्रात मात्र त्याला टाकू नकोस. एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीत घातल्याने मुलगा बरा होत नाही. केंद्राची नोंदणी बघ, डॉक्टर रोज येतात का ते विचार, घरच्यांना भेटू देतात का ते विचार.

आणि तो पुन्हा घेऊ शकतो. घेणार नाही असं मी तुला खोटं सांगणार नाही. व्यसनाच्या आजारात घसरणं पुष्कळदा होतं, उपचार पुढे चालू ठेवायचे असतात. फक्त त्या रात्री तो जिवंत राहिला पाहिजे. हलवूनही जागा होत नसेल, जड घोरत असेल, ओठ निळसर पडले असतील तर "झोपू दे, उतरेल" म्हणायचं नाही. कुशीवर वळव, १०८ला फोन कर आणि डॉक्टरांना काय काय घेतलं ते खरं सांग. हे आईला आजच शिकवून ठेव, कारण त्या वेळी घरात बहुतेक तीच असेल.

वडिलांना मी चुकीचं म्हणणार नाही. त्यांनी काय काय सोसलंय ते तू लिहिलेलं नाहीस, पण कळतं. त्यांच्याकडून पूर्ण माफी मागू नकोस, पंधरा दिवसांची मुदत माग. त्यात अटी त्यांच्या असू देत: पैसे हातात नाहीत, कपाटाच्या चाव्या आईकडे, दवाखाना चुकवायचा नाही. त्याचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक शोधून ठेव. कागद नसले की कामही मिळत नाही आणि रिकामा दिवस त्याला परत गल्लीत नेतो.

तुझ्या लग्नाचं. मुलाला भेट आणि स्वतःच्या तोंडाने सांग. सगळ्या नातेवाइकांसमोर नको, त्याला एकट्याला. तो मागे फिरला तर तुला फार वाईट वाटेल, ते मी हलकं करू शकत नाही. पण लग्नानंतर अर्ध्या रात्री आईचा फोन आला तर उठून जाता आलं पाहिजे तुला, नवऱ्याला न लपवता. हे बोलणं पुढच्या आठवड्यात झालं तरी चालेल. वकिलांकडचा अर्ज मात्र सोमवारीच दे, आणि त्याची शिक्का मारलेली प्रत मागून घे.

– ताई