पोर्टफोलिओ भरगच्च, तरीही मुलाखत नाही

प्रश्न: मी सोलापुरात राहून ब्लेंडर हे थ्रीडी वस्तू घडवण्याचे सॉफ्टवेअर शिकलो. आर्टस्टेशन या कलाकारांच्या संकेतस्थळावर तलवारी, गाड्या, राक्षस अशी 32 कामे ठेवली आहेत. पुण्यातील गेम स्टुडिओंकडे अर्ज केले, पण मुलाखतीचे बोलावणे येत नाही. काय चुकते आहे?

उत्तर: आपली कामे पाहिली. हात चांगला आहे, निवड मात्र केलेलीच नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत सर्वांत कच्चे काम आधी भरते. म्हणून सहाच कामे ठेवावीत आणि बाकीची, जीव तुटला तरी, काढून टाकावीत. त्याहून मोठी उणीव अशी, की आपण केवळ शेवटचे देखणे रेंडर, म्हणजे तयार चित्र, दाखवता. गेममधील वस्तू सेकंदाला 30 किंवा 60 वेळा नव्याने रेखाटली जाते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग किती त्रिकोणांत बसवला, यूव्ही (त्या पृष्ठभागाचा सपाट नकाशा) कसे उलगडले आणि टेक्स्चरमधील, म्हणजे त्यावर चढवायच्या चित्रातील, जागा वाया गेली का, हे कळावे लागते. वायरफ्रेम, म्हणजे त्या त्रिकोणांची उघडी जाळी, आणि अनरियल किंवा युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधील दृश्य सोबत जोडावे.

राक्षस सगळेच करतात. आपल्याकडे भुईकोट किल्ला आहे. त्याच्या तटबंदीचे पाच-सहा तुकडे असे घडवावेत, की तेच फिरवून-जुळवून अख्खी भिंत उभी राहील. किंवा जुना हातमाग घ्यावा: विणकराचा हात रोज जिथे टेकतो तिथले लाकूड गुळगुळीत होऊन चकाकते, सांध्यांत मात्र सुताची धूळ बसलेली असते, आणि हा फरक रफनेस मॅपमध्ये (पृष्ठभाग कुठे चकचकीत, कुठे खरखरीत हे ठरवणाऱ्या चित्रात) उतरला, तर आपली नजर वेगळी सांगावी लागत नाही.

पात्रे करायची की परिसर, हे नावाखालीच लिहावे. ई-मेल पत्ताही तिथेच हवा. आपला मला शोधावा लागला.