मॅजिकमध्ये कार्डांच्या परिणामावरून वाद झाला तर खरं कोणाचं मानायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौघं मिळून मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळत होता, मित्राचा टार्मोगॉयफ हा क्रीचर, म्हणजे लढणारा प्राणी, २/३ होता (पॉवर म्हणजे मारायची ताकद २, टफनेस म्हणजे सोसायची ताकद ३), तुम्ही त्याच्यावर ३ डॅमेज देणारा लाइटनिंग बोल्ट टाकला. तुम्ही म्हणता तो मेला, मित्र म्हणतो वाचला. वाद इतका चिघळला की आता तुम्ही दोघं बोलत नाही. आणि तुम्हाला विचारायचंय की अशा वेळी कोणाचा शब्द अंतिम धरायचा.

आधी टार्मोगॉयफचं सांगतो. बोल्ट टाकला त्या क्षणी तुम्हा चौघांपैकी कोणाच्याही ग्रेव्हयार्डात, म्हणजे वापरलेल्या आणि मेलेल्या कार्डांच्या ढिगात, एखादा इन्स्टंट (बोल्टच्याच प्रकारचं कार्ड) आधीच पडलेला होता का? होता, तर टार्मोगॉयफ मेला. नव्हता, तर वाचला.

कारण असं. टार्मोगॉयफची पॉवर म्हणजे सगळ्यांच्या ग्रेव्हयार्डांत मिळून कार्डांचे जितके प्रकार आहेत तितकी, आणि टफनेस त्याहून एक जास्त. तो २/३ होता म्हणजे प्रकार दोनच होते. समजा, लँड (ज्यातून कार्डं टाकायची ताकद मिळते ती जमीन) आणि क्रीचर. आता बोल्ट सुटायला, म्हणजे त्याचा परिणाम व्हायला, लागतो. पहिली गोष्ट, टार्मोगॉयफला ३ डॅमेज बसतं. टफनेस ३, डॅमेज ३, म्हणून तुम्हाला वाटतं संपलं. पण कोण मेलं, कोण जगलं हे खेळ मध्येच तपासत नाही. आधी बोल्टचं काम पूर्ण व्हावं लागतं, आणि त्या कामातली अगदी शेवटची पायरी म्हणजे बोल्ट स्वतः ग्रेव्हयार्डात जाणं. तो तिथे पडला की इन्स्टंट हा तिसरा प्रकार झाला आणि टार्मोगॉयफ ३/४ झाला. तपासणी होते ती यानंतर. टफनेस ४, अंगावर डॅमेज ३. वाचला.

पण आधीचे दोन प्रकार लँड आणि इन्स्टंट असे असतील, तर बोल्टने नवीन काहीच भर पडत नाही. तो २/३च राहतो आणि मरतो. म्हणजे तुम्ही दोघंही बरोबर असू शकता, फक्त वेगवेगळ्या दिवशी. तुमच्या लांबलचक वर्णनात कोण काय बोललं ते सगळं आहे, पण ग्रेव्हयार्डात काय होतं ते एका शब्दानेही नाही. माझ्या मते तुमचा वाद तिथेच चुकला.

मी डिचोलीचा. आम्ही सहा-सात जण गेली अकरा वर्षं रविवारी म्हापशाला एका मित्राच्या घरी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, बसून खेळतो. आमच्यातही असे वाद झाले आहेत, आणि एक तर फारच वाईट झाला. त्यामुळे हे पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही.

आपल्याकडे घरोघरी पत्ते खेळले जातात, आणि आपल्या डोक्यातली गडबड तिथून येते असं मला मनापासून वाटतं. मेंढीकोट घ्या. कोणाच्या घरी हुकूम बंद ठेवतात, कोणाच्या घरी पान नसलं की जे टाकाल तो हुकूम. पाहुणा आला की विचारतो, "तुमच्याकडे कसं?" आणि घरातलं मोठं माणूस सांगतं ते चालतं. मॅजिकमध्ये "तुमच्याकडे कसं" हा प्रश्नच नाही. १९९३ साली रिचर्ड गारफिल्डने हा खेळ आणला तेव्हापासून हजारो कार्डं आली, आणि ती सगळी एकमेकांशी कशी वागतील ते शेकडो पानांच्या नियमावलीत कलमवार लिहिलेलं आहे. तिचं १०१.१ हे कलम म्हणतं की कार्डावरचे शब्द आणि नियम यांच्यात सरळ विरोध आला तर कार्ड खरं. त्याच्याच पुढचं कलम म्हणतं की एका परिणामाने परवानगी दिली आणि दुसऱ्याने मनाई केली तर मनाई जिंकते. म्हणून वयाने मोठा, जुना खेळाडू, ज्याच्या घरी खेळतो तो, यांपैकी कोणाचाही शब्द अंतिम नाही. अंतिम आहे तो कार्डावरचा शब्द, आणि तोही जसाच्या तसा.

जसाच्या तसा यावर माझा एवढा भर का, ते सांगतो. आम्ही टेबलावर मराठी आणि कोकणी मिसळून बोलतो, कार्डं मात्र इंग्रजीत. आणि आपल्या बोलण्यात एक शब्द सगळीकडे वापरला जातो: "मारला". तुझा क्रीचर मारला. पण रॅथ ऑफ गॉड क्रीचर डिस्ट्रॉय करतो. लाइटनिंग बोल्ट डॅमेज देतो. डायबॉलिक एडिक्ट समोरच्याला सॅक्रिफाइस करायला, म्हणजे स्वतःचा क्रीचर स्वतःच ग्रेव्हयार्डात टाकायला, लावतो. ग्रास्प ऑफ डार्कनेस −४/−४ करतो. स्वोर्ड्स टू प्लोशेअर्स एक्झाइल करतो, म्हणजे खेळाबाहेर काढतो, तिथे तर मरण्याचा प्रश्नच येत नाही. आपण या पाचही गोष्टींना "मारला" म्हणतो. आता समोर इनडिस्ट्रक्टिबल क्रीचर असेल तर रॅथने त्याला काही होत नाही, बोल्टच्या डॅमेजनेही नाही. पण टफनेस शून्यावर आली की तो जातो, सॅक्रिफाइस करावा लागला तरी जातो, एक्झाइल झाला तरी जातो. "अरे पण तो मरत नाही!" असं कोणी म्हणालं की समजायचं, दोघंही कार्डाबद्दल बोलत नाहीयेत, "मारला" या शब्दाबद्दल बोलताहेत.

आमचा तो वाईट वाद याच जातीचा होता. ऐन श्रावणातला रविवार, बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, टेबलावर इमर्जन्सी लाइट. मित्राच्या बाजूला एकटाच कार्नेज टायरंट, ७/६, हेक्सप्रूफ, म्हणजे विरोधकाला त्याला टार्गेट करता येत नाही असा. मी डायबॉलिक एडिक्ट टाकला आणि म्हणालो, "मारला तुझा टायरंट." तो म्हणाला, "हेक्सप्रूफ आहे, तुला त्याला हातच लावता येत नाही." मी म्हणालो, येतो. तो म्हणाला, नाही. हे चाळीस मिनिटं चाललं. मध्येच त्याच्या आईने भाजी-पाव आणून ठेवला, तो तसाच गार झाला. शेवटी तिसऱ्या एका मित्राने माझ्या हातातलं कार्ड ओढून घेतलं, लाइटजवळ धरलं आणि एकेक शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. टार्गेट प्लेयर. टार्गेट आहे तो खेळाडू, क्रीचर नव्हे. हेक्सप्रूफ क्रीचरला आहे, खेळाडूला नाही. एडिक्ट खेळाडूला सांगतो, तुझ्याकडचा एक क्रीचर तू सॅक्रिफाइस कर. त्याच्याकडे एकच होता, म्हणून तोच गेला.

नियमाने माझं खरं ठरलं, पण चूक माझीही होती. मी "मारला तुझा टायरंट" म्हणायलाच नको होतं. "डायबॉलिक एडिक्ट, टार्गेट तू" इतकंच म्हणालो असतो तर वाद उभाच राहिला नसता. त्या दिवसापासून आमच्याकडे कार्ड टाकणाऱ्याने त्यावरचे शब्द मोठ्याने वाचायचे, मग ते सगळ्यांना पाठ असले तरी.

दुसरं मूळ म्हणजे क्रम. "मी आधी टाकलं" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मॅजिकमध्ये आधी टाकलेलं आधी सुटत नाही. जेवणावळीत पत्रावळींची चवड असते ना, सगळ्यात वरची आधी उचलतात, तसा हा स्टॅक. तुमच्या २/२ अस्वलावर मी बोल्ट टाकला आणि तुम्ही उत्तर म्हणून जायंट ग्रोथ टाकली, तर ग्रोथ आधी सुटते, अस्वल ५/५ होतं आणि वाचतं. उलट तुम्ही आधी ग्रोथ टाकली आणि तिच्या उत्तरात मी अस्वलावर बोल्ट टाकला, तर बोल्ट आधी सुटतो, अस्वल जातं आणि ग्रोथ वाया जाते. कार्डं तीच, निकाल उलटा. चौघांच्या खेळात एकाच वेळी अनेकांचे ट्रिगर, म्हणजे काही घडलं की आपोआप सुरू होणारे परिणाम, उडाले तर ज्याची पाळी चालू आहे त्याचे आधी स्टॅकवर ठेवायचे, मग पाळीच्या क्रमाने इतरांचे. म्हणजे ज्याची पाळी, त्याचे सगळ्यात शेवटी सुटतात. हे एवढं माहीत असलं तरी चौघांच्या टेबलावरचे बरेच तंटे टळतात.

आणखी एक कारण आहे, आणि त्याच्याकडे जरा मायेने बघावं असं मला वाटतं. माझा चुलतभाऊ जहाजावर आहे. एका चवथीला तो बऱ्याच वर्षांनी घरी आला, माटोळी बांधून झाल्यावर रात्री आम्ही डेक काढले. त्याने मॉग फॅनॅटिक हा क्रीचर आडवा घालून ब्लॉक केलं आणि सहज म्हणाला, "डॅमेज स्टॅकवर, आता मी फॅनॅटिक सॅक्रिफाइस करतो, आणखी एक डॅमेज." आमच्यातला एक धाकटा त्याला म्हणाला, "दादा, असं काही नसतं, तू फसवतोयस." दादाचा चेहरा पडला. तो फसवत नव्हता. तो शिकला तेव्हा लढाईतलं डॅमेज खरोखरच स्टॅकवर जायचं आणि ही युक्ती सगळे वापरायचे. २००९ साली मॅजिक २०१० या सेटबरोबर तो नियम गेला. आता फॅनॅटिक एक तर लढाईत डॅमेज देईल किंवा सॅक्रिफाइस होऊन देईल, दोन्ही नाही. दादा पंधरा वर्षं जुन्या खेळात बरोबर होता. त्याला फसवणारा म्हणण्याऐवजी "तू कधी शिकलास?" असं विचारायला हवं होतं.

कार्डांवरचे शब्दही असेच बदलतात. तुमच्या हातातला बोल्ट जुना असेल तर त्यावर क्रीचर किंवा प्लेयर असं छापलेलं सापडेल. २०१८पासून त्याचा चालू मजकूर एनी टार्गेट असा आहे, म्हणजे तो प्लेन्सवॉकर या वेगळ्या प्रकारच्या कार्डालाही लागतो. चालू अधिकृत मजकुराला ओरॅकल टेक्स्ट म्हणतात. तो कंपनीच्या गॅदरर या कोशात कुठल्याही कार्डाचं नाव टाकलं की दिसतो, आणि अनेक कार्डांखाली नेहमीच्या भानगडींचे निकालही दिलेले असतात. कागदावर छापलेलं आणि ओरॅकल यांत फरक असेल तर ओरॅकल धरायचं.

काही जोड्या मात्र नुसत्या वाचून सुटत नाहीत, हेही मान्य करतो. माउंटन आणि स्वॅम्प हे लँडचे मूळ, म्हणजे बेसिक, प्रकार. ब्लड मून म्हणतो, बेसिक नसलेल्या सगळ्या लँड माउंटन आहेत. अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ म्हणते, प्रत्येक लँड शिवाय स्वॅम्पही आहे. दोन्ही टेबलावर असतील तर? कोण आधी आलं यावर भांडू नका, इथे त्याने फरक पडत नाही. अर्बोर्ग स्वतः बेसिक नाही, म्हणून ब्लड मून तिला माउंटन करतो, आणि माउंटन झाली की तिच्यावर छापलेली क्षमताच उरत नाही. मग स्वॅम्प करणार कोण? हे नियमावलीत लेयर्स नावाच्या भागात आहे, कलम ६१३. ते एका बैठकीत समजत नाही. मला तीन पावसाळे लागले. पण शांतपणे वाचलं तर त्यामागचं तर्कशास्त्र फार सुंदर आहे, आणि माझं या खेळावरचं प्रेम त्या कलमाने वाढलं.

स्पर्धेत हे सगळं सोपं असतं. हात वर करायचा, जज येतो, निकाल देतो, पटला नाही तर हेड जजकडे दाद मागायची आणि तो म्हणेल ते मान्य करायचं. घरी जज नसतो. म्हणून आमच्याकडे एक वही आहे, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, पावसाने कडा फुगलेल्या. वाद झाला की पहिल्यांदा खेळ थांबवायचा, एकही कार्ड हलवायचं नाही. त्या डावात ज्याचा फायदा-तोटा नाही असा माणूस शोधतो. दोघांची कार्डं तो वाचतो, ओरॅकल काढतो. पाच मिनिटांत मिळालं नाही तर नाणं उडवायचं, त्या डावापुरतं ते मानायचं, आणि वहीत टेबलावरची अख्खी परिस्थिती लिहून ठेवायची: कोणाची पाळी, काय समोर, ग्रेव्हयार्डात काय, कोणी कशाच्या उत्तरात काय टाकलं. पुढच्या रविवारी उत्तर त्याच पानावर. डाव मागे फिरवायचा नाही, तो गेला. आजवर त्या वहीत एकसष्ट वाद आहेत, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त लिहितानाच सुटले, कारण लिहायला बसल्यावर कोणीतरी म्हणालं, "थांब, ग्रेव्हयार्ड बघू."

तेव्हा मित्राला फोन करा आणि फक्त एवढंच विचारा की त्या दिवशी ग्रेव्हयार्डात इन्स्टंट होता का. कदाचित दोघांनाही आठवणार नाही. तसं असेल तर भेटा, तेच डेक घ्या आणि डाव पुन्हा मांडा. एकदा ग्रेव्हयार्डात लँड आणि क्रीचर ठेवून बोल्ट टाका, एकदा लँड आणि इन्स्टंट ठेवून. बोल्ट ग्रेव्हयार्डात ठेवताना मित्राला त्याच्या हाताने ठेवू द्या.