'करंज'च्या गस्तीविषयी

दादर, मुंबई

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. 'करंज' पाणबुडीची 1971 च्या युद्धातील कामगिरी लिहायला घेतलीस, हे उत्तम झाले. मात्र पहिली आठ पाने आपली युद्धनौका 'खुकरी', पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी' आणि कराचीवरील क्षेपणास्त्र हल्ल्यांनीच व्यापली आहेत, आणि जिचा इतिहास लिहायचा त्या पाणबुडीच्या वाट्याला जेमतेम दीड पान आले आहे. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारतेस की तिने एकही जहाज बुडवले नाही, मग लिहायचे काय? माझ्या मते तुझा खरा विषय त्या दीड पानातच आहे.

'करंज' 4 सप्टेंबर 1969 रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील रीगा येथे आपल्या नौदलात दाखल झाली. युद्ध पेटले तेव्हा ती सव्वादोन वर्षांची होती, आणि आपली पहिली पाणबुडी 'कलवरी' येऊन पुरती चार वर्षेही झाली नव्हती. अशा नवख्या दलातील ही पाणबुडी कमांडर विजयसिंह शेखावत यांच्या हाताखाली शत्रूच्या पाण्यात गस्त घालून परतली आणि त्यांना वीरचक्र मिळाले. काहीही न बुडवणाऱ्या कप्तानाला वीरचक्र का मिळाले, या प्रश्नावर सगळा लेख उभा राहू शकतो.

त्यासाठी आधी यंत्र समजून घे. फॉक्सट्रॉट जातीची ही पाणबुडी सुमारे 91 मीटर लांब होती आणि तिच्यात पाऊणशे माणसे राहत. पाण्याखाली ती बॅटरीवर चाले. बॅटरी भरायची तर डिझेल इंजिने चालवावी लागत, इंजिनांना हवा लागे आणि हवेसाठी स्नॉर्कलची नळी पाण्याबाहेर काढावी लागे. त्या वेळात रडारला सापडण्याची भीती असे, शिवाय स्वतःच्याच इंजिनांच्या आवाजात सोनारला, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रणेला, बाहेरचे धड ऐकू येत नसे. त्यातच युद्धकाळातही समुद्रात तटस्थ देशांची व्यापारी जहाजे ये-जा करत असतात. पेरिस्कोपमध्ये दिसलेली प्रत्येक आकृती शत्रूची समजून टॉर्पेडो सोडणारा कप्तान देशाला भलत्याच संकटात लोटू शकतो. म्हणून न सोडलेल्या टॉर्पेडोमागेही निर्णय असतो, हे तुझ्या वाचकाला कळले पाहिजे.

या माणसांशी बोलताना काय विचारावे, हे मी उशिरा शिकलो. फॉक्सट्रॉट पाणबुड्यांवर इंजिनरूममध्ये नोकरी केलेल्या ठाण्यातील एका गृहस्थांना मी लढाईबद्दल वीस मिनिटे प्रश्न विचारत होतो आणि ते "हो", "नाही" एवढ्यावरच भागवत होते. शेवटी निघता निघता, पाण्याखाली आंघोळीचे काय करायचात, असे सहज विचारले, आणि ते दोन तास बोलत राहिले. गोडे पाणी मोजून मिळे. गस्तीहून परतल्यावर कपड्यांना डिझेलचा असा वास येई की बायको ते गॅलरीतच उतरवायला लावी. हे सांगताना त्यांनी तांब्यातून अर्धाच पेला पाणी ओतून घेतले, ते संपवले आणि मग पुन्हा अर्धा ओतला. निवृत्तीला तेव्हा वीस वर्षे होऊन गेली होती.

'खुकरी'चा भाग गाळू नकोस, पण त्याचा उपयोग वेगळा कर. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने दीवजवळ ही फ्रिगेट बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच 'हंगोर'ची वातानुकूलन यंत्रणा त्याआधी बिघडली होती आणि दुरुस्तीसाठी तिला आपल्या किनाऱ्यासमोर, मासेमारी नौकांच्या आसपास, पाण्यावर यावे लागले होते, हे पाकिस्तानी कथनात येते. ब्लॅकआउटसाठी गिरगावातल्या आमच्या चाळीत खिडक्यांना काळे कागद चिकटवले जात होते, त्याच दिवसांतली ही गोष्ट. पाणबुडीचे युद्ध बरेचसे पंपाशी आणि झडपांशी चालते, हे सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण तुला मिळणार नाही.

दोन्ही बाजूंची कथने वाचताना घड्याळाकडे लक्ष ठेव. पाकिस्तानची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. हे विसरून मी एकदा दोन नोंदींत 'विसंगती' शोधून काढली होती आणि एका वाचकाने पोस्टकार्ड पाठवून माझे कान उपटले होते. 'गाझी'च्या बाबतीत मात्र मतभेद खरा आहे: आपल्या 'राजपूत' या युद्धनौकेने टाकलेल्या डेप्थ चार्जेसनी, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बनी, ती बुडाली असे आपले म्हणणे, तर अंतर्गत स्फोट किंवा तिचेच सुरुंग असे पाकिस्तानचे. तू न्यायाधीश होऊ नकोस; दोन्ही मते शेजारी शेजारी ठेव.

आणखी एक. 'खुकरी' दीवपासून सुमारे 40 सागरी मैलांवर बुडाली. तू त्याचे 64 किलोमीटर केले आहेत. सागरी मैल 1.852 किलोमीटरचा असतो, म्हणजे अंतर 74 किलोमीटर होते. रविवारी येशील तेव्हा अरबी समुद्राचा नकाशा घेऊन ये. कर्कटक माझ्याकडे आहे. कडेच्या अक्षांशांच्या पट्टीवर अंतर कसे मोजतात ते दाखवतो, म्हणजे 'करंज'च्या दीड पानातल्या गस्तीचेही अंतर आपल्याला तिथेच आखून पाहता येईल.

तुझा,
काका